फीट आली म्हणून वॉचमन बदलणाऱ्या सगळ्या कमिट्यांना, समोरच्या मेडिकलवाल्याकडून

चेअरमनसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि तमाम कमिटी मेंबर मंडळी,

नमस्कार. ठाण्यात वर्तकनगरला आतल्या रस्त्यावर माझं मेडिकल आहे. दुकानाचं नाव टाकत नाही, ओळखणारे ओळखतीलच. ज्या सोसायटीवरून हे लिहायला बसलो तिचंही नाव टाकत नाही कारण खरं सांगू का, ती तुमच्यापैकी कोणाचीही असू शकली असती, पोखरण रोडचा टॉवर काय नि लोकमान्यनगरची जुनी चार मजली बिल्डिंग काय, फक्त लेटरहेड बदललं असतं.

तुमच्या बीपीच्या, शुगरच्या, थायरॉइडच्या गोळ्या माझ्याकडून जातात. फीटच्या पण जातात. हे आधीच सांगतोय कारण तुमच्या ग्रुपवरच्या मेसेजेसचा सूर असा होता की फीट येणारा म्हणजे एजन्सीने कुठूनतरी उचलून आपल्या गेटवर आणून बसवलेला कोणीतरी परका माणूस. अहो, तुमच्याच विंगमध्ये आहेत ते. तुमच्याबरोबर लिफ्टने खाली येतात, एजीएमला पहिल्या रांगेत बसून पार्किंगवरून भांडतात, त्यातले काही कमिटीवर पण आहेत. कोण ते माझ्या तोंडून कधी निघणार नाही. पण हिशोब तुम्हीच लावा, जगात साधारण ५ कोटी लोकांना अपस्मार, म्हणजे हाच फीटचा आजार, आहे असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपल्या देशातला अंदाज एक कोटीच्या वर आहे, म्हणजे ढोबळमानाने दर सव्वाशे-दीडशे माणसांमागे एक. तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये माणसं किती?

झालं काय ते, ज्यांनी फक्त व्हिडिओ बघितला त्यांच्यासाठी. सकाळची स्कूलबसची वेळ. मामा (वॉचमन, सगळे त्यांना मामाच म्हणतात) नाइट संपवून रजिस्टर दुसऱ्याकडे देत होते आणि तिथेच कोसळले. अंग ताठ झालं, मग हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस. मी शटर वर करत होतो, समोरच दिसलं. रस्ता ओलांडून पोचेपर्यंत तिथे सगळं करून झालेलं, म्हणजे एकाने खांदे दाबून धरलेले, एकाने पायातली चप्पल काढून नाकाला लावलेली, तळमजल्यावरच्या काकू कांदा फोडून घेऊन आलेल्या, कोणीतरी बाइकची चावी मुठीत कोंबत होतं, आणि एकजण टपरीवरून चमचा घेऊन आला तो त्याने सरळ मामांच्या दातांमध्ये घातला. मामांचा पुढचा दात गेला तो त्या चमच्याने. फीट आपली आपण थांबली दोनेक मिनिटांत, ती थांबणारच होती, आणि श्रेय गेलं कांद्याला.

हे कांदा-चप्पल प्रकरण इतकी वर्षं का टिकलंय माहितीये? बहुतेक फीट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. त्या वेळात तुम्ही नाकाला कांदा लावा, चप्पल लावा नाहीतर सोसायटीचं मेंटेनन्स बिल लावा, फीट थांबणारच, आणि जे हातात होतं त्याने थांबली असं वाटणार. मेंदूतल्या पेशींचे विजेचे सिग्नल काही क्षण एकदम बेताल सुटतात, त्याला वासाशी काही देणंघेणं नाही. लोखंडाशीही नाही.

मग करायचं काय तर खरं म्हणजे फार कमी करायचं आणि तेच लोकांना जमत नाही. पहिलं म्हणजे घड्याळ बघायचं, किती वाजता सुरू झाली ते. आजूबाजूची टोकदार, कडक वस्तू बाजूला सारायची, डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवायचं, बॅग नाहीतर घडी केलेलं जॅकेट काहीही, चष्मा काढायचा, गळ्याशी बटण किंवा ओढणी सैल करायची, आणि जमेल तितक्या लवकर एका कुशीवर वळवायचं म्हणजे लाळ-फेस बाहेर येतो, घशात जात नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत, खांदा निखळतो अशाने. तोंडात काही म्हणजे काही घालायचं नाही, चमचा नाही, बोट नाही, रुमाल नाही, पाणी तर नाहीच, पूर्ण शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागेपर्यंत नाही. जीभ गिळली जाते हे साफ खोटं आहे, जीभ चावली जाऊ शकते, ती भरून येते, तुटलेला दात येत नाही. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, किंवा एक थांबून शुद्धीवर यायच्या आत दुसरी सुरू झाली, किंवा बाई गरोदर असेल, डायबेटीस असेल, पाण्यात आली असेल, डोक्याला लागलं असेल, किंवा आयुष्यातली पहिलीच फीट असेल तर १०८ ला फोन. नाहीतर नुसतं जवळ बसून राहायचं. माणूस उठतो तेव्हा गोंधळलेला असतो, आपण कुठे आहोत कळत नाही, काही वेळा पँट ओली झालेली असते. त्या वेळी त्याच्याभोवती वीस माणसांचं रिंगण नको असतं, एक ओळखीचा चेहरा आणि अंगावर टाकायला एक चादर हवी असते.

आता व्हिडिओबद्दल. शूट केलात त्याबद्दल मी चिडणार नाही, उलट न्यूरोलॉजिस्टकडे गेलात की ते पहिलं विचारतात व्हिडिओ आहे का, कारण डोळे कुठे वळले, आधी कुठला हात हलला, शरीराच्या एका बाजूला सुरू झाली का, यावरून त्यांना बरंच कळतं आणि घरच्यांना ते कधी धड सांगता येत नाही. पण मग तो व्हिडिओ मामांच्या मुलाला पाठवायचा होता ना. सोसायटीच्या ग्रुपवर कशाला? दुपारपर्यंत तो बाजूच्या दोन सोसायट्यांच्या ग्रुपवर गेलेला, माझ्याकडे क्रोसिन घ्यायला आलेल्या मुलाने मला दाखवला. ओल्या पँटसकट. डिलीट फॉर एव्हरीवन करायला मुदत असते, ती केव्हाच संपून गेली.

आणि मग तुमचा निर्णय. 'सिक्युरिटी रिस्क.' एजन्सीला फोन, दुसऱ्या दिवशी गेटवर नवा माणूस.

मामांना विचारूनच पुढचं लिहितोय. मामांना फीटचा त्रास तरुणपणापासून आहे आणि गोळ्यांवर तो बऱ्यापैकी कंट्रोलमध्ये होता. एजन्सीला सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर कोण ठेवणार, हे त्यांचं गणित, आणि तुम्ही ते बरोबर ठरवून दाखवलंत. सांगितलेलं नाही म्हणून नाइट नको असं म्हणता येत नाही. झोप न होणं हे फीट यायचं एकदम नेहमीचं कारण आहे, कुठल्याही डॉक्टरला विचारा. त्यात रात्रीची गोळी घेतली की पेंग येते, आणि पेंगणाऱ्या वॉचमनचा फोटो ग्रुपवर पडतो, हे तुमच्याकडे झालेलं आहे, विसरला नसालच. म्हणून मामांनी नाइट असेल तेव्हा रात्रीची गोळी टाळायला सुरुवात केली. मला तेव्हाच शंका यायला हवी असं तुम्ही म्हणाल, पण ते स्ट्रिप अर्धी-अर्धी नेत, तशा अर्धी स्ट्रिप नेणारे पैशाच्या अडचणीमुळेही नेतात. तर बघा कसं झालं ते, नोकरी जाईल म्हणून लपवलं, लपवलं म्हणून गोळी चुकली, गोळी चुकली म्हणून गेटवर पडले, पडले म्हणून नोकरी गेली.

मला एवढंच सांगायचंय खरं तर. बाकी सगळं यावरूनच येतंय. नीट औषध घेतलं तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फीटशिवाय जगू शकतात, हेही जागतिक आरोग्य संघटनाच सांगते, आणि ही काही कालपरवा निघालेली महागडी औषधं नाहीत, फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात आहे, फेनिटॉइन १९३८ पासून. गोळ्या आहेत, स्वस्तातल्या पण आहेत, माझ्या फडताळात आहेत. घेणाऱ्याला त्या उघडपणे घेता येत नाहीत.

काउंटरच्या अलीकडून हे रोज दिसतं. बीपीची गोळी मागताना माणूस रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मागतो, वर मला सांगतो काल एकशे साठ होतं. फीटची चिठ्ठी येते ती चार घड्या घालून, दुकानात दुसरं कोणी असेल तर आधी एक ओआरएस घेतात, मग रेंगाळतात, गिऱ्हाईक गेलं की चिठ्ठी पुढे. चांगले शिकलेले लोक सांगतोय मी. काहीजण तर वर्तकनगरला राहून मुद्दाम स्टेशनजवळून औषध आणतात, तिथे कोणी ओळखत नाही म्हणून, आणि पावसात ट्रॅफिक तुंबलं की दोन दिवस गोळी नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे लग्नाच्या मुली. मुलीची आई येते, मुलीला कधीच बरोबर आणत नाही, आणि विचारते, दादा, ह्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून व्हिटॅमिनच्या डबीत भरून द्याल का. मी नाही म्हणतो, पण माझ्या नाही म्हणण्याने काय होतंय, घरी जाऊन त्या तेच करतात. मुलगी सासरी जाते, लग्नाच्या गडबडीत आठ दिवस झोप नाही, त्यात जागरण-गोंधळ म्हणजे अख्खी रात्र, उपास वेगळे, आणि डबी पर्समध्ये, पर्स कपाटात, कपाटाची चावी सासूबाईंकडे. मग फीट येते आणि मग 'फसवणूक केली' म्हणून दोन्हीकडचे वडीलधारे बसतात. लपवायला नको होतं हे मलाही मान्य आहे. पण सांगितलेल्या स्थळांचं काय होतं तेही मी बघितलंय, चहापोहे व्हायच्या आधीच फोन येतो, पत्रिका जुळत नाही. ज्या औषधाचा एक डोस चुकवायचा नसतो ते औषध आपण पोरींना लपूनछपून घ्यायला लावतो, आणि गरोदरपणात तर कुठली गोळी चालेल, कुठली बदलायची, फॉलिक अॅसिड केव्हापासून, हे दिवस राहायच्या आधी डॉक्टरशी बोलायचं असतं, ते कोण बोलणार? नीट देखरेख असली तर बहुतेक जणींना चांगली धडधाकट मुलं होतात.

कायदासुद्धा आपल्यापेक्षा पुढे गेलाय. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीपासून अपस्मार हा लग्नाच्या आड येणारा आजार होता, वेडेपणाच्या शेजारी एकाच ओळीत लिहिलेला. १९९९ साली तो शब्द काढून टाकला. २०२३ साली मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने एका नवऱ्याला सांगितलं की अपस्मार हा न बरा होणारा आजारही नाही आणि मानसिक आजारही नाही, यावरून घटस्फोट मिळणार नाही. पुण्यात संवेदना फाउंडेशन अपस्मार असलेल्यांच्या लग्नाचं काम उघडपणे करतं. आणि आपण ठाण्यात काय करतोय, तर क्लबहाऊसच्या नियमावलीत 'फिट्स इत्यादी आजार असलेल्यांना प्रवेश नाही' अशी ओळ घालतोय. ही पण खरी आहे, दुसऱ्या एका सोसायटीची आहे, मी स्वतः वाचली.

ठाण्यात म्हटल्यावर तो जुना विनोद आलाच. महाराष्ट्रात कुठेही जा, कोणी जरा वेड्यासारखं वागलं की 'ह्याला ठाण्याला पाठवा'. आपलं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, त्यामुळे आपण ठाणेकर हा विनोद जन्मभर ऐकून घेतो, हसतो पण. फीटवाल्याला मात्र तो खरोखरच ऐकवतात. फीट येणं म्हणजे वेड नाही, अंगात येणं नाही, बाहेरची बाधा नाही. गावाकडे अजूनही कोणीतरी सांगतं अमक्या ठिकाणी उतरवून आणा, तिथे मारहाण करतात, चटके देतात, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आपल्याकडे, भूत उतरवण्याच्या नावाखाली असले अघोरी प्रकार करणं हा त्यात गुन्हा आहे. आणि हो, लागण होत नाही. फीट आलेल्या माणसाच्या लाळेचा हाताला स्पर्श झाला म्हणून सॅनिटायझर मागायला आलेले होते त्या दिवशी माझ्याकडे. विकला, काय करणार.

होतं कशाने, तर निम्म्या लोकांमध्ये कारण सापडतच नाही. बाकी जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं, मेंदूज्वर, म्हाताऱ्या माणसांत पॅरालिसिसच्या झटक्यानंतर, डोक्याला मार लागणं (घोडबंदर रोडवर हेल्मेट हँडलला अडकवून जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचा). आणि आपल्या देशात एक कारण असं आहे की ते पूर्ण टाळता येतं, मेंदूत जाऊन बसणारा फीतकृमी. लोकांना वाटतं हे डुकराचं मांस खाणाऱ्यांना होतं, आम्ही माळकरी, आमच्याकडे कसं होईल. तर त्या कृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात, सांडपाण्यावर वाढलेल्या पालकावरून, कोथिंबिरीवरून, न धुतलेल्या हातावरून पोटात जातात, तिथे माळ बघून कोणी आत सोडत नाही. रुळांच्या कडेला हिरवीगार भाजी दिसते ना लोकलमधून, ती धुवून खा एवढंच म्हणतो.

मुलांचं वेगळं सांगायला हवं. सगळ्या फीट पडून झटके येणाऱ्या नसतात. काही मुलं नुसती दहा-पंधरा सेकंद एकटक बघत राहतात, हाक मारली तरी नाही, मग जणू काही झालंच नाही असं पुढचं वाक्य लिहायला लागतात, आणि वहीत शेरा येतो 'लक्ष नसते'. मोठ्यांमध्येही कोणी ओठ चाटत, शर्टाचं बटण चाचपत उगाच चालायला लागतं, विचारलं तर उत्तर नाही, आपण म्हणतो सकाळी सकाळी टाकून आलाय. हल्ली नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे मिळतो, फीट लांबली तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरात ठेवायचा, शाळेत पण ठेवता येतो. एका आईला शाळेने सांगितलं आम्ही जबाबदारी घेणार नाही, मुलाला घरीच ठेवा. सोसायटीने सांगितलं गार्डनमध्ये एकटा नको. का? गार्डनमध्ये गवत आहे. पोहताना नजर ठेवायला माहितगार माणूस हवा, ते मान्य, एकट्याने पाण्यात नकोच. पण क्रिकेट? तुमच्या वयाच्या सगळ्यांना १९९२ चा वर्ल्ड कप आठवत असेल, इंझमामला रनआउट करताना स्टंपवर आडवा झेपावलेला जाँटी ऱ्होड्स. त्याला अपस्मार आहे, त्याने स्वतःच जगाला सांगितलंय. तुमच्या नियमावलीप्रमाणे तो तुमच्या बॉक्स क्रिकेटमध्ये बसत नाही.

सगळी कामं सगळ्यांना चालतात असं मी म्हणत नाही. मामांना शिडीवरून टाकीवर चढवू नका. पंपरूममध्ये एकटं पाठवू नका. गाडी चालवायचा प्रश्नच नाही, लायसन्सच्या फॉर्ममध्येच फीटचा प्रश्न विचारलेला असतो. पण गेटवर दिवसा रजिस्टर लिहायला आणि कुरियरची पार्सलं घ्यायला काय अडचण आहे? एजन्सीला एक फोन करून 'यांना दिवसपाळी द्या' म्हणता आलं असतं, जेवढा वेळ 'बदलून द्या' म्हणायला लागला तेवढ्यातच. अजूनही म्हणता येईल. मामांना तिसऱ्या सोसायटीत परत नाइटच मिळालीय, तिथेही त्यांनी सांगितलेलं नाही, आणि यावेळी मी त्यांना सांगा असं म्हणू शकलो नाही.

गणपती आले की मी आमच्या फीटच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एक गोष्ट सांगतो, गावाला जाताना पंधरा दिवसांच्या गोळ्या मोजून न्या, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आरतीला जागा पण भजनाला रात्रभर बसू नका. कोकणात जाऊन मध्येच ब्रँड मिळत नाही, मग लोक 'चार दिवसांनी काय होतंय' म्हणतात. होतं. एकदम बंद केलेली गोळी ही चुकलेल्या गोळीपेक्षा वाईट. बरं वाटतंय म्हणून पण बंद करायची नाही, दोन-तीन वर्षं एकही फीट आली नाही तर डॉक्टर स्वतः विचार करतात आणि हळूहळू कमी करतात.

तर माझं मागणं. नियमावलीतली ती ओळ ज्यांच्याकडे असेल त्यांनी काढा. ग्रुप अॅडमिनने एकदा लिहून टाका की आजारपणाचा व्हिडिओ ग्रुपवर पडला तर उडवणार. आणि मला अर्धा तास द्या. १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो, तोपर्यंत थांबायची पण गरज नाही, कुठलाही रविवार चालेल. एका न्यूरोलॉजिस्ट मॅडमना विचारून ठेवलंय, त्या येतो म्हणाल्यात, पैसे नकोत म्हणाल्यात. तुम्हाला फक्त क्लबहाऊस उघडायचंय आणि एक सतरंजी आणि एक उशी द्यायचीय, कुशीवर कसं वळवायचं ते करून दाखवायला. वॉचमन, घरकामाच्या ताया, ड्रायव्हर, स्विमिंगवाला मुलगा यांना बोलवा आणि त्यांना पुढे बसवा, मागे उभं करू नका, कारण फीट येते तेव्हा तिथे तेच असतात, आपण ऑफिसला असतो. वेळ दुपारी दोन ते चार बघा. संध्याकाळी दुकानात गर्दी असते, तेव्हा जमणार नाही.

तुमचा,
समोरचा मेडिकलवाला